मंगळवारची वही

पाळक सिचोनेंच्या दारातली वही माझ्याकडे असते.
निळा पुठ्ठा, पेन सुतळीने बांधलेलं,
कारण पेनं देवाच्या घरातूनही चोरीला जातात.

सुरुवातीला वही नव्हती.
किट्वेच्या खाणीमागे, एका पडक्या गोदामात
आम्ही चाळीस माणसं. पाळकांना सगळं ठाऊक:
कुणाच्या कोंबड्यांत मर लागली,
कुणाचा नवरा पगाराच्या रात्री घर चुकतो.
सायकलवरून जायचे, एक पाय टेकून विचारायचे,
"काय बाना लुकोंडे, गुडघा?"
त्या एका शब्दात
माझं अख्खं वैधव्य मावायचं.

मग पत्रे वाढवले. मग मागची भिंत पाडली.
आता रविवारी तीन उपासना, नऊशे खुर्च्या,
आणि मंगळवारी हा बाक.

मी लिहिते: नाव, वेळ, विषय.
विषयाच्या रकान्यात सगळेच "प्रार्थना" सांगतात.
वीस मिनिटं झाली की मी दार वाजवायचं, असं ठरलंय.
वीस मिनिटांत माणूस
मक्याच्या पिठाच्या भावातून जेमतेम बाहेर पडतो.
खरं काय ते उंबऱ्यावर बोलतो, बूट चढवताना,
पाठमोरा.
दारापाशी नेलेला हात
कितीदा मी तसाच हवेत धरून ठेवलाय.

एक मेंढरू हरवलं तर पाळकाने शोधत जावं, मान्य.
इथे रोज तीस हरवतात
आणि शिस्तीत रांगेत बसतात.

मार्चमध्ये त्यांनी कबरीपाशी
मेलेल्याऐवजी त्याच्या भावाचं नाव घेतलं.
भाऊ समोरच उभा होता, हातात फावडं.
कुणी काही बोललं नाही. मातीच तेवढी जरा जोरात पडली.

आणि एका मंगळवारी नामुकोलो आली,
पाळकांची बायको. बाकावर शेवटी टेकली.
"लिही," म्हणाली, "माझंही नाव."
मला वाटलं, थट्टा करतेय.
तिने चितेंगेचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.
मी लिहिलं. पाच वाजून वीस. विषय: प्रार्थना.
त्या दिवशी मी दार वाजवलं नाही.
आतून बराच वेळ काही ऐकू आलं नाही,
मग भांड्यांबद्दल काहीतरी,
मग पाळक रडत होते.

त्यानंतर वहीत रकाने वाढले.
नवराबायकोची भांडणं आता बाना चिम्बुसांकडे,
नवऱ्या मुलींना संसार शिकवणाऱ्या त्या तीन म्हाताऱ्या,
ज्यांना पाळकांच्या आईचंही लग्न आठवतं.
कर्जवाले शाळेच्या हिशेबनीसाकडे.
आणि ज्यांना काय होतंय ते सांगताच येत नाही,
ते कपेम्ब्वांकडे.

लोक चिडले. का चिडू नयेत?
"पाळकांना भेटायला आलो, आणि हा म्हातारा?"
एक बाई वहीतलं आपलं नाव खोडून गेली,
इतकं दाबून, की मागच्या तीन पानांवर वळ उठलाय.
ती दुसऱ्या मंडळीत जाते म्हणे.
पाळक तिच्या घरी गेले. कडी निघाली नाही.

कपेम्ब्वा खाणीत पाळीचा मुकादम होता.
दरड कोसळली तेव्हा अडकलेल्या सहाजणांशी
चौदा तास तो पाइपावर ठोके देऊन बोलत राहिला.
काय बोललास, विचारलं तर म्हणतो,
"बोलायचं काय? मी आहे, एवढंच. मग ते म्हणायचे, आम्ही पण."

काल त्याच्याकडे एक पोरगा पाठवला.
दोघं आंब्याखाली बसले, उलट्या बादल्यांवर.
वीस मिनिटं झाली. चाळीस झाली.
पोराने तोंड उघडलं नाही, म्हाताऱ्यानेही नाही.
फक्त म्हाताऱ्याचं बोट बादलीच्या कडेवर,
मधूनच, टक.

मी सवयीने उठले.
वाजवायला तिथे दार नव्हतं.