दारी

टॉवेल तपासायला आली होती ती.
एमआयडीसीतल्या शेडमध्ये, गरगरत्या पंख्याखाली,
एकेक पीस काट्यावर टाकायची, टेप लावायची,
उन्हाकडे धरून विणीतून बघायची.
नाव सांगितलं, लूझ दारी.
दारी म्हणजे आमच्यात दारात, इरेशम म्हणाला,
आणि लूझ म्हणजे?
उजेड, म्हणाली.

नऊ दिवस मुक्काम. पाचव्या दिवसापासून
पोटात फक्त केळी आणि बाटलीतलं पाणी.
सहाव्या दिवशी नवरा तिला घेऊन
विडी घरकुलात आला, आमच्या दोन खोल्यांत.
मी सुपात पानं कातरत होते, पाचशेचा कट्टा बाकी.
हिला मक्याची भाकरी पाहिजे, म्हणाला.
भाकरी नाही. तिनं मान हलवली,
दोन तळव्यांत नसलेलं काहीतरी धरलं,
फिरवलं, हळूच दाबलं.
आरेपा.
बरं, म्हटलं.

मका मिळाला तो पिवळा, खाद्याच्या दुकानात.
चंद्राम बिराजदार विचारतो, वैनी, कोंबड्या किती पाळल्या?
एकच, म्हटलं, लांबून आलीय.

आमची संध्याकाळ, तिच्या आईची सकाळ.
फोनमध्ये एक म्हातारी चुलीकडे बोट दाखवून
राख, राख असं काहीतरी म्हणत होती.
आमच्याकडे गॅस.
मग टपरीवरून पानाचा चुना आणला.
चुन्याच्या पाण्यात मका उकळला, रात्रभर तसाच झाकला,
सकाळी चोळला तर साल सुटून हातात,
विडीच्या पानाची शीर निघावी तशी.
सहा पाण्यांनी धुवायचा, म्हातारीनं बजावलं होतं.
पाणी चार दिवसांआड येतं आमच्यात.
पाच पाण्यांनी धुतला,
सहाव्याचं खोटं बोलले.

पुन्हा शिजवला, इडलीच्या ग्राइंडरमध्ये फिरवला,
मीठ घालून मळला. गोळा हातात घेतला
आणि हातांनी जे यायचं तेच केलं.
जोंधळ्याचे हात हे,
थापत सुटले की चंद्राएवढी करतात,
कडक वाळवली की महिनाभर टिकेल अशी.
तिनं माझ्या हातातून ती काढून घेतली, परत गोळा केला.
तिला मराठी तीनच शब्द यायचे, शेडमध्ये शिकलेले:
जाड. पातळ. परत.
पातळ, म्हणाली. परत.

पहिली तव्यावर दुभंगली.
दुसरी बाहेरून काळी, आतून कच्ची.
तिसरीच्या कडेला तडा गेला, तिनं ओलं बोट फिरवून
तो असा बुजवला, जशी मी
विडीचं तोंड दुमडून बंद करते, न बघता.
तेव्हा मी तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं.
भाजल्यावर तिनं पाठीवर टिचकी मारली. पोकळ वाजली.
चाकूनं पोट चिरलं, वाफ आली,
आत लोणी भरलं, आणि मी न विचारता शेंगाची चटणी.

रडली वगैरे नाही.
चार खाल्ल्या. नाक वाहत होतं, तिखटानं,
तरी बोटानं वाटीतली चटणी पुसून घेतली.

दुसऱ्या दिवशी तिनं सहाशे चाळीस पीस परत केले.
नवरा घरी आला, चप्पल भिरकावली,
आपलं खाऊन, म्हणाला, आपल्याच...
आणि पुढचं तेलुगूत, जे इथं लिहिणार नाही.
मी तोटे मोजत होते. मोजता मोजता विचारलं,
पातळ होते का?
बराच वेळ पंख्याचाच आवाज.
होते, म्हणाला.

ती गेली. चुन्याची पुडी अर्धी उरली.
आता नळाला पाणी आलं की
मौनिका आधी बादल्या भरते आणि मग ओरडते,
आई, आज दारी कर.
आरेपा हा शब्द घरात टिकलाच नाही.
बिराजदार कोंबडीची खुशाली विचारतो.
जाडी मला अजून बरोबर जमत नाही,
हात आपल्या सवयीनं पसरतात,
कड तडकते.
बोट ओलं करते.
परत.