शेपटातली नळी

मी जालन्याच्या पॉलिटेक्निकात लागलो तेव्हापासून
ते मागच्या पत्र्याखाली उभं होतं,
दोन माणसांचं, कापडी अंगाचं विमान.
डेडस्टॉक रजिस्टरात नोंद: ‘नग एक. इंजिन नाही. स्थिती बरी.’
उडत आलं की ट्रकमधून,
हे सांगू शकणारा स्टोअरकीपर आधीच रिटायर झालेला.

समिती येणार म्हणून प्राचार्य म्हणाले,
‘उढाण, तेवढं विमान पुसून काढा.’
(माझ्या आडनावावर पोरं तीस वर्षं एकच विनोद करतात.
मी फिटिंग शिकवतो. कानस, हॅकसॉ, पाव मिलिमीटर.
विमानात कधी बसलेलो नाही.)

पंखाच्या पोटाला ओळीनं भोकं,
रुपयाहून लहान, प्रत्येकाला चकतीची कड.
पोरं म्हणाली, गोळ्यांची. एकानं युद्धाचं सालही सांगितलं.
ताडपत्री शिवणारा शफी माप घ्यायला आला होता;
पंखाखाली उताणा झोपला, भोकात करंगळी घातली,
म्हणाला, ‘पानी जायला हाय ते, सर.
आत थांबलं की कापड सडतंय.
आमच्या धंद्यात लेकराला बी कळतंय.’

काचेच्या पुढं, टाकीच्या झाकणातून
वर आलेली तार, टोकाला वाकडी.
एरियल, असं मी ठामपणे सांगून टाकलं होतं.
वॉचमन सोपाननं झाकण उघडून तार ओढली
तर खाली बुचाचा गोळा, वाळून खडा झालेला.
त्याला हसू आलं. त्याच्या गल्लीत नळ बाराव्या दिवशी येतो;
घरच्या टाकीत त्यानं थर्माकोलमध्ये सायकलचा स्पोक खोचलाय,
स्पोक किती वर आहे ते बघून बायको धुणं काढते.
म्हणजे आभाळात असलेला माणूसही
समोर तार किती उरली तेच बघत बसायचा.

शेपटाजवळ मात्र एक नळी.
या कुशीतून त्या कुशीत आरपार, पोकळ,
कशालाच न जोडलेली.
डोळा लावला तर पलीकडं बाभळीची फांदी
आणि एमआयडीसीतल्या भट्ट्यांचा धूर.
मी तिचं चित्र वहीत काढलं.
आतला व्यास व्हर्नियरनं मोजला, दोनदा.
व्यास कळला.

आदल्या दिवशी विमान बाहेर आणताना
सहा पोरं शेपटाला झोंबली.
कुणाचं बोट कापडात घुसलं, मी ओरडतोय.
झाडणाऱ्या कौसाबाई थांबल्या.
व्हरांड्यातला झेंड्याचा पाइप आणून त्यांनी नळीत सारला,
दोन्हीकडं सारखा उरेल असा,
‘धरा की दोघं.’
उचललं. लगेच उचललं.

सगळे हसत होते. माझं लक्ष सुकाणूकडं गेलं.

त्याच्या मागच्या कडेला अॅल्युमिनियमची पट्टी होती,
अर्ध्या पोस्टकार्डाएवढी, जराशी वाकलेली.
धक्का लागला असेल म्हणून
सोमवारी मी ती पक्कडीत धरून सरळ केली होती.
गुणिया लावला. फटीतून उजेड दिसेना.

समितीतले एक म्हातारे पट्टीवर अंगठा फिरवत राहिले.
‘ही सपाट कशी?
इंजिन विमानाला एका अंगाला ओढतं.
पायलट उतरून ही हातानं किंचित वाकवायचे,
उडून बघायचे, परत वाकवायचे,
सरळ जाईपर्यंत. प्रत्येकाचा बाक वेगळा.’
मी म्हणालो, ‘हो सर.’

ते गेल्यावर पक्कडीला फडकं गुंडाळून आलो.
वहीत नळी आहे, व्यास आहे. पट्टी नाही.
डावीकडं होता बाक की उजवीकडं?
शफीला आठवेना. सोपानला आठवेना.
कौसाबाई लगेच म्हणाल्या,
‘माझ्याकडं होता बगा, पदर अडकायचा रोज.’

आणि त्या रोज कुठल्या बाजूनं झाडत येतात,
हे मी कधी बघितलंच नव्हतं.