एकच बार

आधी दारू, मोजून, नळीच्या तोंडातून.
मग चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी,
मग गज, तळाला टेकेपर्यंत.
शेवटी टोपी. तांब्याची, मसुराएवढी.
ठासणीची बंदूक घाईवाल्यांची नाही.
बाबा म्हणायचे, हिच्यात एकच वाक्य मावतं,
बोललीस की गप्प बसायचं.

मी बोलले.
सप्टेंबर, सस्कॅचवानच्या उत्तरेची दलदल, संध्याकाळचे साडेसहा.
साठ पावलांवर मूस,
खांदाच माझ्या डोक्याच्या वर,
शिंगं म्हणजे दोन उघडी फावडी,
ओठांतून शेवाळ लोंबतंय.
बार झाला आणि पुढे नुसता धूर,
पांढरा, गंधकाच्या वासाचा.
धुरापलीकडचं मी फक्त ऐकलं:
फांद्या, फांद्या,
मग पाणी.

पोटात खड्डा पडला.
मूस कोरड्यावर पडला तर शिकार,
पाण्यात पडला तर नातेवाईक लागतात.

अर्धा तास थांबले. तेवढं थांबायचंच असतं.
तेवढ्यात पुन्हा ठासली, अर्धी दारू बुटांवर सांडली.
दुसऱ्या गोळीची गरज नव्हती.
बीव्हरच्या बांधाआड तो कुशीवर पडला होता,
एक कान पाण्याबाहेर,
कुणीतरी काही सांगेल म्हणून राखून ठेवल्यासारखा.
तो पाचशे किलो.
मी अठ्ठावन्न. वर्षं. किलोंचं विचारू नका.

टेकाडावर सिग्नलची एक रेघ मिळाली.
ओरेस्ट मळणीच्या यंत्रावर होता, शेवटचं कनोला काढत.
ओरडला, "पाण्यात?"
म्हटलं, "पाण्यात."
एक युक्रेनियन शिवी आली, आजीची, जशीच्या तशी जपलेली.
मग, "येतो."

अंधार पडता पडता इंजिनं ऐकू आली,
चुकीच्या बाजूला.
तेव्हा ठासलेला तो दुसरा बार मी चिखलाच्या ढिगात उडवला.
बाबा, एवढं दुसरं वाक्य माफ करा,
त्यात फक्त "मी इथे" होतं.

ओरेस्ट आला, त्याचा मणका सरकलेला,
म्हणून काठावरून सूचना देणार;
मणका सरकायच्या आधीही तो तेच करायचा.
दार्का आली, थर्मास आणि मांसासाठी धुतलेल्या उशांच्या खोळी घेऊन,
जुन्या, निळ्या फुलांच्या.
मार्कियान साखळी आणि कप्पी घेऊन.
आणि मागून लेस्या, शहरातून सुट्टीला आलेली,
तीन वर्षांपूर्वी मांस सोडलेली.
मी काही बोलले नाही. तीच म्हणाली,
"खाणार नाही, आत्या. उचलीन."

शिंगांना दोर, दोर बर्चला, बर्च वाकला,
मग आम्ही वाकलो.
पहिल्या तासात तो हातभर सरकला.
दुसऱ्या तासात दार्का कमरेएवढ्या पाण्यात उतरली
आणि त्याच्या पाठीला खांदा लावून म्हणाली, "चल रे बाळा,"
हट्टी वासराला म्हणावं तसं.
तो आला.

दिव्यांच्या उजेडात त्याची वाफ वर जात राहिली.
सुरी मी धरली, पाय लेस्यानं धरला,
तोंड फिरवून, पण घट्ट.
ट्रेलरपर्यंत सहाशे पावलं. चार खेपा.
मागची मांडी काठीला टांगून चौघांनी खांद्यावर घेतली
आणि कुणी बोललं नाही,
कारण जूनमध्ये बाबांना नेताना आम्ही सहा जण होतो
आणि ते फार हलके होते.

पहाटे दोन. मांस कोठारात टांगलेलं.
बंदूक मात्र आजच धुवायला हवी,
काळी दारू रात्रभर राहिली की लोखंड खाते.
मी नळी धरली, लेस्यानं उकळतं पाणी ओतलं.
काळं आलं. पुन्हा काळं. मग राखाडी.
तिनं विचारलं, "किती वेळा?"
म्हटलं, "स्वच्छ येईपर्यंत."
"आजोबाही असंच करायचे?"
"ते चहाच्या किटलीतून. आजी भांडायची."

ओरेस्ट टेबलावर डोकं टेकून झोपला होता, बूट घालून,
खालच्या फरशीवर दलदल साचत होती.
डोळे न उघडताच म्हणाला,
"पुढच्या वर्षी
कोरड्यावर."