लाभ, दोन, तीन

अकरा जमले नाहीत.
कोणी बुटीबोरीला कंपनीत, कोणी चाकणला,
गावात उरले ते मोजून पाच,
म्हणून पाचांचा खेळ.

आर्णी रोडचं जिनिंग जेठात रिकामं असते.
कापसाची गंजी लागते त्या सिमेंटच्या अंगणात
प्रांजूनं टेप धरला. चाळीस मीटर पाहिजे होते,
अडतिसावर भिंत आली.
भिंतीला काय सांगणार?
शेठला विचारायला मला पाठवलं,
काट्यावरच्या पावत्या मी लिहिते,
शेठ माझं ऐकतो, निदान मान तरी हलवतो.

गोलाला स्प्रिंकलरचे पाइप.
मागं तलावावरची फाटकी जाळी,
तिला अजून मासोळीचा वास.

चेंडू आला तो जड. आपटला तर उसळेना.
रज्जाक म्हणाला, हवा गेली बाप्पा.
नव्हती गेली. तो असाच असते,
जमिनीला धरून राहणारा.

पहिलं शिकायचं, चेंडू तळव्याखाली थांबवणं.
इथंच अडलं.
पुस्तकाला पाय लागला की कपाळाला हात,
सुपाला, फड्याला लागला तरी,
आणि हा तर कालच हळद-कुंकू लावलेला.
बेबीताईनं पाय ठेवला,
हात आपोआप छातीशी गेला.
आम्ही हसलो.
मग एकेक करून सगळ्यांचेच गेले.

तळवे आमचे पऱ्हाटीच्या धसकटांनी टोचलेले,
भेगांत बारमाही काळी माती.
ढेकूळ कुठलं फुटेल, कुठलं पाय मुरगाळेल,
त्यांना अंधारात कळते.
चेंडू कळायला आठ दिवस लागले,
नव्या दावणीला वासरू रुळते तसे.

आणि धावायचे तर सगळे चेंडूमागं,
पाचही, एकमेकांच्या खांद्यात खांदे.
प्रांजू ओरडून ओरडून बसली:
चेंडू काय पाहता बे, रिकामी जागा पाहा!
रिकामी जागा पाहायची असते
हे कोणी सांगितलंच नव्हतं.
बेबीताई कमरेवर हात ठेवून उभी राहिली,
म्हणाली, हे तर विरळणीच झाली ना माय.
एका जागी दोन रोपं काहून ठेवाची?
आणि सरकली चार पावलं, भिंतीकडं.
चेंडू तिच्याकडं आला.

रेषेबाहेर गेलेला चार सेकंदांत आत घ्यायचा.
सेकंद मोजायला सोनबाजी मापारी.
चाळीस वर्षं ज्वारी मोजलेला माणूस
एक म्हणत नाही कधी.
लाभ, म्हणतो. दोन. तीन.
आपली पोट्टी असली की
चार म्हणायचं विसरतो.

बोरखेडवाले बूट घालून आले.
आमचा रोशन ऐनवेळी फवारणीच्या पंपाला गेला,
गोलमध्ये मी.
काट्यावर गाड्या येतात, मी थांबवत नाही,
नुसती लिहून घेते.
तसंच झालं. सातदा लिहून घेतलं.
आठवा आला तो पोटावर घेतला,
श्वास गेला, चेंडू नाही गेला.
सुमेधनं त्या बोरखेडच्या पोराइतक्याच जोरात
टाळी वाजवली.
आमचे दोन झाले.
त्यातला एक त्यांनीच केला, चुकून.
तोही धरला.

दसऱ्यानंतर पहिली गाडी लागली.
चुन्याच्या रेषांवर कापूस ओतला,
पांढऱ्यावर पांढरं,
कोपरा कुठला, मधलं वर्तुळ कुठलं,
आता आम्हालाच ठाऊक.

त्या संध्याकाळी चेंडू काट्यावर ठेवला.
काटा दहा किलोखाली बोलत नाही.
शून्य.
मग आम्ही पाचही चढलो,
चेंडू बेबीताईच्या तळव्याखाली.
दोनशे सत्तर.
पावती फाडायला घेतली मी,
तारीख लिहिली, गाडी नंबरात रेघ मारली.
मालाचा प्रकार, तिथं आल्यावर
पेन थांबला.
दारातून सोनबाजी मोजत होता.