शिवणीतली तारीख

ऑर्फेलिनाला बोटीने पलीकडे नेलं, पुएर्तो मोंतला,
खुब्याचं हाड मोडलेलं,
आणि स्ट्रेचरवरून ती एवढंच म्हणाली,
"कोंबड्यांचं बघ."

सात कोंबड्या. पाच अंड्यावर आलेल्या,
दोन अजून पोरसवदा.
चाळीस वर्षं मी फेरीबोटीची इंजिनं सांभाळली.
मला तेलाचा वास कळतो, दाण्याचा नाही.

दालकाउएच्या दुकानात बेलार्मिनोने
मोठं पोतं पुढे ढकललं.
"निम्म्या किमतीत घे. तीन महिने बघायला नको."
मी खूश. पोतं माझ्या पाठीवर,
आमच्या बेटाचा पाऊस पोत्याच्या पाठीवर.

घरी ओतलं. सगळ्या धावत आल्या,
मान तिरकी करून
एक डोळा दाण्यावर, एक माझ्यावर,
आणि पायांनी उकरून सगळं चिखलात लोटलं.
काळी तर भांड्याच्या काठावरच चढली,
पैसे परत मागायला आलेल्या गिऱ्हाइकासारखी.

रात्री फोन लागला. "दुखतंय का फार?"
"वास घेतलास?"
"कसला?"
"पोत्यात हात घाल. कोपरापर्यंत.
वरचा नको, तळाचा दाणा काढ. नाकाशी ने."

घातला.
तळाशी ढेकळं झाली होती, बोटांना कोमट लागली,
आणि वर्षभर उभ्या असलेल्या बोटीच्या
तळातून येतो तसला वास.
तो मात्र माझ्या ओळखीचा निघाला.
"आता शिवणीतली चिठ्ठी वाच."
दळल्याची तारीख फेब्रुवारीची. चालू ऑगस्ट.
"हं," ती म्हणाली.
लग्नाला सदतीस वर्षं झाली,
त्या "हं"चा अर्थ मला सांगावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी बेलार्मिनोच्या गल्ल्यावर
मी ढेकूळ ठेवलं, काही बोललो नाही.
मग एकेक पोतं उलटं करून चिठ्ठ्या वाचल्या,
पूर्वी इंजिनांचे नंबर वाचायचो तशा.
दोन लहान पोती घेतली: एक अंड्यावाल्यांना,
एक त्या दोघींना. त्यांना एवढा चुना आताच कशाला,
कवच घडवायची वेळ अजून यायचीय.
पत्र्याचा डबा, घट्ट झाकणाचा, चुलीपासून लांब.
किनाऱ्यावरची कालवांची कवचं हातोडीने फोडली,
वेगळ्या वाटीत ठेवली.
काळी येते, दोन तुकडे निवडते, जाते.
तिला कोणी मोजून द्यावं लागत नाही.

नवव्या दिवशी पेंढ्यात एक अंडं.
"निळं?"
"निळं."
"कवच?"
"नखाने टिचकी मारली. चांगलं वाजलं."
पलीकडे बराच वेळ नुसता वॉर्डातल्या ट्रॉलीचा आवाज.
मग म्हणाली, "आणि तू काय जेवलास?"

टेबलावर पाव होता. मंगळवारचा, की त्याच्याही आधीचा.
मी तो उचलला
आणि नाकाशी नेला.