बसायची जागा

डिसेंबरात वरच्या ऑफिसातून कोणीतरी आलं,
टेपने खोल्या मोजून गेलं.
सोमवारी पाहतो तर आमची स्टुलं गायब.
बसलेला कर्मचारी दिसला की पेशंटचा विश्वास उडतो म्हणे.
खाली सही : वॉरन, प्रादेशिक व्यवस्थापक,
आणि सहीशेजारी एक हसरा चेहरा.

विनिपेगमध्ये उणे एकतीस.
लोक आत येतात ते बुटांना मीठ घेऊन.
नेनीता साडेसहापासून उभी.
चार नंबरच्या खोलीत एकच खुर्ची, रुंद हातांची,
ती रक्त देणाऱ्याची.

एका माणसाला सात मिनिटं.
आठवं लागलं की पडद्यावर तिचं नाव पिवळं होतं,
दहाव्याला तांबडं,
शुक्रवारी सगळ्या तांबड्या नावांची यादी
कॉफीच्या मशीनवर चिकटते.
शिरा काय घड्याळ बघून वर येतात?
म्हाताऱ्या शिरा तर लाजऱ्या,
सुई दिसली की आत सरकतात.
त्यांना चुचकारावं लागतं : कोमट टॉवेल,
बर्फाच्या गप्पा, नातीने हॉकीत मारलेला गोल.
यातलं काही भरायला रकाना नाही.

ऑक्टोबरात ओलेनाने रजा मागितली होती,
आईच्या शेवटच्या दिवसांसाठी.
उत्तर आलं तेव्हा आईला पुरून अकरा दिवस झाले होते.
उत्तर : मंजूर.

आज फ्रीसेन आजोबा.
नव्या औषधाच्या चाचणीतले, दर तिसऱ्या बुधवारचे.
नऊ नळ्या भरून झाल्यावर कापूस दाबत उठले,
म्हणाले, आता तू बस.
नको, ती म्हणाली. कॅमेरा आहे.
मग मी त्याच्यापुढे उभा राहतो,
आणि खरंच राहिले, कोट दोन्हीकडे पसरून,
गव्हातल्या बुजगावण्यासारखे.

नेनीता बसली.
मी दारात होते, हातात लेबलं. मी पाहिलं :
तिचा डावा हात आपसूक खुर्चीच्या हातावर गेला,
बाही वर सरकवून, तळवा आभाळाकडे.
जणू कुणी आता रबर बांधेल,
मूठ आवळा म्हणेल,
आणि उरलंसुरलं काढून नेईल.

पडद्यावर तिचं नाव पिवळं झालं.
मग तांबडं.
आजोबा तसेच उभे. कापूस कधीच खाली पडलेला,
एक थेंब कोपरावरून वाट काढत होता.

मी लेबलं ठेवली.
दार ओढून घेतलं,
आतून.