नाका

आमच्या घरात कपडे वाळत घालायच्या बांबूला
नाका म्हणतात.
"नाक्यावरचा टॉवेल आण गं," आईनं सांगितलं
तेव्हा नवी वहिनी
चौकापर्यंत जाऊन आली.

माझा आज्जा, तवनाप्पा मगदूम,
संस्थानच्या जकात नाक्यावर कारकून.
पुलाअलीकडं पत्र्याची खोली, एक दौत,
रस्त्यावर आडवा बांबू, बुडख्याला धोंडा बांधलेला.
गुळाची गाडी दिसली की बांबू खाली.
ढेपा मोजायच्या, पावती फाडायची,
दोरी सोडली की धोंड्याच्या वजनानं
तो आपसूक वर.
सांगलीची हळद परमुलखातली.
परमुलूख म्हणजे सायकलीनं अडीच तास.

एकोणपन्नास सालच्या मार्चात
संस्थान मोठ्या राज्यात गेलं.
कुणी पेढे वाटले, कुणी दार लावून बसलं.
आज्जानं पेढा खाल्ला, मग दार लावलं.
दुसऱ्या सकाळी एक गाडीवान सवयीनं थांबला.
"सोड की दोरी, आण्णा."
"सुटलीया. जा आता."
तो जाईना.
पावती नाही, आणि वाटेत कुणी धरलं म्हणजे?
शेवटी आज्जानं कोऱ्या कागदावर
"जाऊ द्यावे" लिहिलं, खाली सही केली.
ती त्याची शेवटची सरकारी सही.
कुठल्या सरकारची, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

सात महिने पगार नव्हता.
गल्लीतला दौलू जिनगर
पागेतल्या घोड्यांची खोगिरं शिवायचा,
तो सायकलीच्या सीटा शिवायला बसला.
म्हणाला, "बसणारं बूड तेच हाय,
खालचं जनावर बदललं."
नाक्याचा पत्रा, दारं, दौतसुद्धा लिलावात गेली.
बांबूला कुणी बोली लावली नाही.
आज्जा तो खांद्यावर टाकून घरी आला.

सुरुवातीला त्याच्यावर दोन लुगडी
आणि ठिगळाचं एक धोतर.
मग आज्जा शाहूपुरीत अडत्याकडं लागला.
त्याच ढेपा, त्याच गाड्या,
फक्त आता अडवायच्या नव्हेत, पाठवायच्या,
पार राजकोटपर्यंत.
बांबूवर शाळेच्या खाकी चड्ड्या आल्या,
एक टेरिलीनचा शर्ट, जो वाळायच्या आधीच
सगळ्या गल्लीनं हात लावून बघितला.
मग दादांचा उद्यमनगरातला डगला,
किती पिळला तरी पाणी काळंच.
ते ओतायचे ते पंपाचे भाग
अशा गावांना जायचे
ज्यांची नावं दादांना नीट म्हणता येत नसत.
त्या काळ्या पाण्यावर माझी फी भरली गेली.

आणि त्याच रस्त्यानं, न थांबता,
कारखान्यातल्या फोमच्या सीटा आल्या.
एका ट्रकमध्ये चारशे.
दौलूनं एक हातात घेऊन दाबून बघितली,
ती पुन्हा फुगून वर आली.
दोरी सुटली ती दोन्ही बाजूंनी.
त्याची पोरं आता त्याच सीटा विकतात,
बरं चाललंय म्हणतात,
आरी कुठं गेली विचारलं तर
एकमेकांकडं बघतात.

मी शाहूपुरीत दुसऱ्यांचे हिशेब बघते.
ट्रकचा नंबर, टन, कुठून, कुठं,
बटण दाबलं की ई-वे बिल.
बांबू वर गेल्याचा आवाज होत नाही.
घरचा बांबू आजवर तीनदा बदलला.
कपडे आता मशीनमधून जवळजवळ वाळूनच निघतात,
तरी आई ते नाक्यावर टाकते.

परवा सर्व्हर बंद होता.
दारात एक ड्रायव्हर, ट्रकात गूळ,
राजकोटचाच.
"मॅडम, तोवर हातानं काहीतरी लिहून द्या की."
टेबलावर कागद होता. पेनही होतं.
"तसं चालत नाही ओ," मी म्हटलं.
तो पायरीवर बसला,
आणि दोन चहा सांगितले.